सी कोडमधले पूर्णांक टाइप: कुठल्याही मशीनवर टिकतील असे कसे निवडायचे

कोड एका मशीनवर नीट चालतो, दुसऱ्या मशीनवर विनातक्रार कंपाइल होतो आणि तिथे उत्तरं चुकतात. अशा वेळी बहुतेकदा टाइप निवडण्याचा क्रमच उलटा झालेला असतो. आधी टाइपडेफ (टाइपला दिलेली नवी नावं) लिहिले जातात, मग ते कोडभर पेरले जातात आणि कुठल्या आकड्याला नेमकं काय हवं होतं हा प्रश्न बग आल्यावर पडतो. ‘सगळे इंट काढून इंट३२_टी (नेमक्या ३२ बिटांचा टाइप) टाकले, आता कोड पोर्टेबल झाला (कुठेही चालेल)’ हे तर वारंवार ऐकू येतं. त्याने काही चुका जातात आणि काही नव्या येतात.

खाली दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

## १. आधी कागदावर: कोड कुठे चालणार?

एडिटर उघडण्याआधी ज्या ज्या ठिकाणी कोड कंपाइल होणार आहे त्यांची यादी करा. प्रत्येकासमोर पाच गोष्टी लिहा: इंट किती बिटचा, लाँग किती बिटचा, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) किती बिटचा, साधा कॅर साइन्ड (उणे किमतीही घेणारा) की अनसाइन्ड (शून्य आणि त्यापुढच्याच घेणारा), आणि कंपायलर सीचं कुठलं मानक पाळतो.

मानक फक्त किमान रुंदीची हमी देतं. कॅर किमान ८ बिट, शॉर्ट आणि इंट किमान १६, लाँग किमान ३२, लाँग लाँग किमान ६४. त्यापुढचं सगळं कंपायलर आणि प्लॅटफॉर्म ठरवतात. नेहमी भेटणारे प्रकार असे:

- ६४ बिटी लिनक्स आणि मॅकओएस: इंट ३२, लाँग ६४, पॉइंटर ६४.
- ६४ बिटी विंडोज: इंट ३२, लाँग ३२, पॉइंटर ६४.
- नेहमीच्या ३२ बिटी सिस्टिम: तिन्ही ३२.
- एव्हीआरसारखे छोटे मायक्रोकंट्रोलर: इंट १६, लाँग ३२, पॉइंटर १६.

दुसऱ्या ओळीकडे नीट बघा. ‘लाँगमध्ये पॉइंटर मावतो’ हे गृहीतक लिनक्सवर वर्षानुवर्षं खपून जातं आणि विंडोजवर पहिल्याच दिवशी फुटतं.

कॅरचा कॉलम कोणी भरत नाही, म्हणून तो मुद्दाम सांगतो. जीसीसी हा कंपायलर एक्स८६ प्रोसेसरवर साधा कॅर साइन्ड धरतो, तर एआरएम लिनक्सवर अनसाइन्ड. गेटकॅर या एक अक्षर वाचणाऱ्या फंक्शनचं उत्तर कॅरमध्ये साठवून ते ईओएफ या इनपुट संपल्याच्या उणे खुणेशी ताडणारा लूप एआरएम लिनक्सवर कधीच थांबत नाही, कारण अनसाइन्ड कॅरमध्ये उणे किंमत राहूच शकत नाही. गेटकॅरचं उत्तर इंटमध्येच घ्यायचं.

तपासणी: यादीतली एकही चौकट अंदाजाने भरू नका. प्रत्येक कंपायलरवर लिमिट्स.एच मधल्या कमाल किमती आणि साइझऑफचं उत्तर प्रत्यक्ष बघा.

## २. प्रत्येक आकड्याचं काम ठरवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. टाइप ठरवताना ‘हा आकडा किती मोठा होईल’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न: हा आकडा कशाशी बांधलेला आहे?

बाहेरच्या जगाशी बांधलेला. फाइलमधलं फील्ड, नेटवर्क पॅकेट, हार्डवेअर रजिस्टर, चेकसम, एन्क्रिप्शन. इथे रुंदी तुमच्या हातात नसते, ती फॉरमॅटने ठरवलेली असते. म्हणून नेमक्या रुंदीचे टाइप वापरा: यूइंट८_टी, यूइंट१६_टी, यूइंट३२_टी, यूइंट६४_टी आणि त्यांची साइन्ड भावंडं.

मेमरीशी बांधलेला. ॲरेची लांबी, बफरचा आकार, मेमरी मागणाऱ्या मॅलॉकला दिलेला आकडा, स्ट्रिंगची लांबी. यांना साइझ_टी. दोन पॉइंटरमधल्या अंतराला पीटीआरडिफ_टी. इथे यूइंट३२_टी टाकला तर ६४ बिटी मशीनवर ४ जीबीच्या पुढचा आकार गुपचूप कापला जातो.

पॉइंटरच आकडा म्हणून. अलाइनमेंट (पत्ता ठराविक आकड्याच्या पटीत असणं) तपासण्यासाठी किंवा कॉलबॅकमधून आकडा पाठवण्यासाठी पॉइंटरचं पूर्णांकात रूपांतर करावं लागलं तर यूइंटपीटीआर_टी. लाँग नको, अनसाइन्ड इंट तर नकोच.

ऑपरेटिंग सिस्टिमने ठरवलेला. वेळेला टाइम_टी, फाइलमधल्या जागेला ऑफ_टी. यांना लाँगमध्ये ओतू नका. ३२ बिटी साइन्ड टाइम_टी २०३८ साली संपतो, त्यामुळे ज्या सिस्टिमनी तो ६४ बिटांचा केला आहे तिथेही तुमचा लाँग ती किंमत कापू शकतो.

नुसती मोजणी. शंभर फेऱ्यांचा लूप, पर्यायांची संख्या, एररचा कोड. इथे साधा इंट बरोबर आहे आणि तोच ठेवा. ३२,७६७ च्या आत राहणारी किंमत सगळीकडे इंटमध्ये मावते. त्याच्या जागी इंट३२_टी लिहिल्याने वाचणाऱ्याला उगाच वाटतं की इथे ३२ बिटांना काही खास अर्थ आहे.

मोठी, पण फॉरमॅटशी न बांधलेली. ‘किमान ३२ बिट हवेत, जास्त चालतील’ अशी गरज असेल तर इंट_लीस्ट३२_टी. नेमक्या रुंदीचे टाइप मानकात ऐच्छिक आहेत, लीस्ट आणि फास्ट (किमान तेवढ्या रुंदीचा, पण वेगवान) गटाचे टाइप मात्र ८, १६, ३२ आणि ६४ साठी असायलाच हवेत. काही डीएसपी (सिग्नल प्रक्रियेच्या) प्रोसेसरवर कॅरच १६ बिटांचा असतो. तिथे यूइंट८_टी मिळत नाही.

इशारा: फास्ट गटापासून सावध राहा. ६४ बिटी लिनक्सवर जीलिबसी ही सी लायब्ररी वापरताना इंट_फास्ट१६_टी चक्क ६४ बिटांचा असतो. लूपमधल्या एका चलाला ते चालतं, दहा लाख घटकांच्या ॲरेला तोच टाइप दिला तर १६ बिटांच्या मानाने चौपट मेमरी जाते. हे टाइप स्ट्रक्चरमध्ये किंवा लायब्ररीच्या जाहीर हेडरमध्ये ठेवू नका.

## ३. हेडर घ्या, स्वतःची नावं बनवू नका

सी९९ या १९९९ च्या मानकापासून एसटीडीइंट.एच हे सगळं देतो. व्हिज्युअल स्टुडिओत तो २०१० च्या आवृत्तीपासून आहे, इंटटाइप्स.एच २०१३ पासून. साइझ_टी आणि पीटीआरडिफ_टी एसटीडीडेफ.एच मधून येतात.

जिथे हा हेडर आहे तिथे यू३२, डीवर्ड किंवा इंट३२ अशी स्वतःची टाइपडेफ बनवणं टाळा. प्रत्येक लायब्ररी आपापला इंट३२ घेऊन येते. एकीचा इंट असतो, दुसरीचा लाँग. दोन्ही ३२ बिटांचे असले तरी सीच्या नजरेत ते वेगळे टाइप आहेत, आणि एकाच फाइलमध्ये दोन्ही हेडर आले की कंपायलर अडतो. तुमच्या प्रकल्पात असं नाव आधीपासून असेल तर ते एसटीडीइंटच्या टाइपवर टेकवा आणि प्रकल्पाचा उपसर्ग लावा.

इशारा: इंट किंवा यूइंटने सुरू होऊन _टी ने संपणारी नावं एसटीडीइंट.एच मध्ये पुढे भर घालता यावी म्हणून राखलेली आहेत. पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिमचं मानक) तर _टी ने संपणारी सगळीच नावं स्वतःकडे राखतं. ही शेपटी स्वतःच्या टाइपला लावू नका.

## ४. कंपायलर जुना असेल तरच

यादीत सी८९ या जुन्या मानकाचा कंपायलर नसेल तर थेट पाचव्या पायरीवर जा.

असेल तर सगळ्या प्रकल्पासाठी एकच हेडर लिहा. लिमिट्स.एच आणा आणि कमाल किमतीवरून निवड करा: यूइंट_मॅक्स ४२९४९६७२९५ असेल तर ३२ बिटांसाठी इंट, नाहीतर यूलाँग_मॅक्स तेवढा असेल तर लाँग, दोन्ही नसतील तर #एरर देऊन थांबा. शेवटची #एरर गाळू नका. नवीन मशीनवर चुकीचा टाइप शांतपणे निवडला जाण्यापेक्षा बिल्ड मोडणं कितीतरी स्वस्त पडतं.

इथे दोन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली, #इफमध्ये साइझऑफ लिहिणं. कंपाइलआधी # च्या ओळी हाताळणाऱ्या प्रीप्रोसेसरला टाइप कळतच नाहीत, त्यामुळे ते चालत नाही. दुसरी, ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावावरून टाइप ठरवणं. लिनक्स ३२ बिटीही आहे आणि ६४ बिटीही. नाव तेच राहतं, लाँग बदलतो.

लाँग ३२ बिटांपेक्षा रुंद आहे का हे #इफमध्ये बघायचं असेल तर यूलाँग_मॅक्स एकदा ३१ ने उजवीकडे सरकवा, मग पुन्हा ३१ ने. लाँग ३२ बिटांचा असेल तर शून्य उरतं, ६४ चा असेल तर उरत नाही. ६४ बिटी स्थिरांक लिहिण्याची गरज पडत नाही, त्यामुळे जुना प्रीप्रोसेसरही तक्रार करत नाही.

कॉन्फिगर स्क्रिप्टने बनवलेला कॉन्फिग हेडर लायब्ररीच्या जाहीर हेडरमध्ये ओढू नका. तो तुमच्या बिल्डचा आहे. लायब्ररी वापरणाऱ्याचा कंपायलर वेगळ्या पर्यायांनी चालत असेल, आणि मग एकाच फंक्शनबद्दल दोन्ही बाजूंची समजूत वेगळी होते.

## ५. गृहीतकं कंपाइल होतानाच तपासून घ्या

टाइप ठरले की पहिला वापर होण्याआधी ही पायरी करा. सी११ मधला _स्टॅटिक_असर्ट यासाठीच आहे. सी२३ मध्ये स्टॅटिक_असर्ट हाच कीवर्ड झाला. जुन्या कंपायलरवर टाइपडेफने ॲरे जाहीर करून अट खोटी ठरली तर त्याचा आकार उणे होईल अशी मांडणी करतात.

निदान एवढं तपासा: कॅर_बिट ८ आहे का, तुमच्या हेडरमधला ३२ बिटी टाइप खरंच ३२ चा आहे का (साइझऑफ गुणिले कॅर_बिट), आणि साइन्ड टाइप साइन्ड आहे का (उणे १ त्या टाइपमध्ये कास्ट केल्यावर, म्हणजे रूपांतरित केल्यावर, शून्यापेक्षा कमी राहतं का). जे जे ‘असणारच’ असं गृहीत धरलं आहे त्या प्रत्येकासाठी एक ओळ.

## ६. स्थिरांकांनाही टाइप असतो

डावीकडचं चल ६४ बिटांचं केलं म्हणजे उजवीकडचं गणित ६४ बिटांत होत नाही. ३० दिवसांचे मिलिसेकंद काढायला ३० * २४ * ६० * ६० * १००० लिहिलं आणि उत्तर इंट६४_टी मध्ये ठेवलं, तरी गुणाकार इंटमध्येच होतो. खरं उत्तर २,५९२,०००,००० आहे, ३२ बिटी इंटची मर्यादा २,१४७,४८३,६४७. म्हणजे उत्तर चलापर्यंत पोचण्याआधीच ओव्हरफ्लो झालेला असतो. पहिला आकडा इंट६४_सी या मॅक्रोत गुंडाळा, पुढचा सगळा गुणाकार किमान ६४ बिटांत होईल.

शिफ्टचंही तसंच. १ << ४० हे ३२ बिटी इंटवर अनिश्चित वर्तन आहे, म्हणजे काय होईल याची मानक काहीच हमी देत नाही. १ ला यूएल जोडलं तर ६४ बिटी लिनक्सवर चालतं, विंडोजवर नाही, कारण तिथे लाँग ३२ बिटांचा. इथे यूइंट६४_सी वापरा. १ << ३१ सुद्धा ३२ बिटी साइन्ड इंटमध्ये अनिश्चित आहे. तिथे यूइंट३२_सी.

## ७. गणित: नेमक्या रुंदीचा टाइप इथे फसवतो

इंटपेक्षा अरुंद टाइप गणितात आला की आधी त्याचं इंटमध्ये रूपांतर होतं. यूइंट८_टी मधले २०० आणि १०० मिळवले तर ३०० येतात, ४४ नाही. आठ बिटांत ते परत साठवले की मगच ४४ होतात. बिट उलटवतानाही तेच होतं: १५ ला ~ लावला की २४० मिळत नाही, उणे १६ मिळतो, आणि २४० शी केलेली तुलना खोटी ठरते.

याचं सगळ्यात त्रासदायक रूप एका छोट्या टायमरमध्ये दिसतं. समजा यूइंट१६_टी चा एक टिक काउंटर आहे, ६५५३५ नंतर तो शून्यावर येतो. ‘आता’ मधून ‘सुरुवात’ वजा करून ते मर्यादेपेक्षा जास्त आहे का, एवढंच कोड बघतो. सुरुवात ६५५३३ ला झाली, आता काउंटर ३ वर आहे. खरं अंतर ६ टिक. १६ बिटी इंटच्या एव्हीआरवर यूइंट१६_टी म्हणजे अनसाइन्ड इंटच, म्हणून उत्तर ६ येतं. हाच कोड ३२ बिटी एआरएमवर नेला की दोन्ही किमती आधी ३२ बिटी साइन्ड इंट होतात आणि वजाबाकी उणे ६५५३० येते. ती कुठल्याच मर्यादेपेक्षा जास्त नसते, म्हणून टाइमआउट होत नाही. कोडमधली एकही ओळ बदललेली नसते. टाइपही नेमक्या रुंदीचे असतात. उपाय सोपा आहे: वजाबाकीचं उत्तर तुलनेआधी यूइंट१६_टी मध्ये कास्ट करा.

गुणाकारात धोका आणखी मोठा. यूइंट१६_टी चे दोन ६५५३५ गुणले तर ४,२९४,८३६,२२५ व्हायला हवेत. पण ३२ बिटी इंटवर हा साइन्ड गुणाकार होतो, उत्तर मर्यादेबाहेर जातं आणि वर्तन अनिश्चित होतं. अनसाइन्ड टाइप वापरला म्हणून ओव्हरफ्लो सुरक्षित, असं समजणारे इथेच अडकतात. गुणाकाराआधी एक बाजू यूइंट३२_टी मध्ये न्या.

साइन्ड आणि अनसाइन्ड यांची सरमिसळ वेगळी बघा. उणे १ ची तुलना अनसाइन्ड इंटमधल्या १ शी केली तर उणे १ मोठा ठरतो. तीच तुलना यूइंट१६_टी शी केली तर ३२ बिटी इंटवर उत्तर बरोबर येतं आणि १६ बिटी इंटवर चुकतं.

तपासणी: साइझ_टी चा उलटा लूप शोधा. ‘आय शून्यापेक्षा मोठा किंवा समान असेपर्यंत’ ही अट अनसाइन्डसाठी नेहमीच खरी असते. त्याऐवजी आय लांबीपासून सुरू करा, अटीत तो शून्याहून मोठा आहे एवढंच बघा आणि लूपच्या आत शिरल्यावर आधी एकने कमी करा.

## ८. छापणं आणि वाचणं

इंट६४_टी ६४ बिटी लिनक्सवर साधारणपणे लाँग असतो, मॅकओएस आणि विंडोजवर लाँग लाँग. म्हणून %एलडी किंवा %एलएलडी यातलं एक निवडून भागत नाही. इंटटाइप्स.एच मधले पीआरआयडी६४, पीआरआययू३२ असे मॅक्रो फॉरमॅट स्ट्रिंगला जोडा. वाचायला ते विद्रूप दिसतात, मान्य, पण वापरा. साइझ_टी ला %झेडयू, पीटीआरडिफ_टी ला %टीडी. जुन्या लायब्ररीत हे नसतील तर किंमत लाँगमध्ये कास्ट करून छापा. लाँगमध्ये ती मावते याची खात्री आधी करा.

इंट३२_टी म्हणजे इंटच, हेही धरून चालू नका. न्यूलिब ही सी लायब्ररी वापरणाऱ्या एआरएमच्या बेअर मेटल (ऑपरेटिंग सिस्टिमशिवायच्या) टूलचेनमध्ये तो लाँग असतो आणि %डी वर वॉर्निंग येते.

इशारा: स्कॅनएफमधली चूक प्रिंटएफपेक्षा घातक असते. यूइंट८_टी च्या पत्त्यावर %यू ने वाचलं तर एका बाइटच्या जागेत अख्खा अनसाइन्ड इंट लिहिला जातो आणि शेजारच्या बाइट बिघडतात. वाचण्याचे मॅक्रो वेगळे आहेत, ते एससीएनने सुरू होतात. पीआरआयवाले तिथे चालत नाहीत.

## ९. फाइल आणि नेटवर्क

नेमक्या रुंदीचे टाइप असलेलं स्ट्रक्चर जसंच्या तसं एफराइटने लिहिलं की झालं, असं समजू नका. स्ट्रक्चरमध्ये आधी इंट३२_टी आणि मग इंट६४_टी आहे असं धरा. ३२ बिटी एक्स८६ लिनक्सवर त्याचा आकार १२ बाइट, ६४ बिटीवर १६, कारण ६४ बिटी फील्डची अलाइनमेंट पहिल्याकडे ४ आहे आणि दुसऱ्याकडे ८. दोन्हीकडे फील्ड तीच, रुंदी तीच, फाइल मात्र वेगळी. त्यात बाइटचा क्रमही मशीनप्रमाणे बदलतो.

प्रत्येक फील्ड शिफ्ट करून एकेक बाइट लिहा आणि तशीच वाचा. वाचताना प्रत्येक बाइट शिफ्टच्या आधी योग्य रुंदीच्या अनसाइन्ड टाइपमध्ये कास्ट करा. नाहीतर सातव्या पायरीवरचं रूपांतर इथेही आडवं येतं: बाइट आधी इंट होते, आणि १२८ किंवा त्याहून मोठी बाइट २४ ने डावीकडे सरकवली की साइन बिटावर जाते. बिटफील्ड (मोजक्या बिटांची फील्ड) आणि इनम (नावं दिलेल्या स्थिरांकांचा टाइप) फाइलच्या मांडणीत नकोतच. बिटफील्डची रचना कंपायलर ठरवतो, इनमचा आकार कंपायलरच्या पर्यायानेही बदलतो.

३२ बिटी लिनक्सवर मोठ्या फाइलसाठी _फाइल_ऑफसेट_बिट्स ६४ करत असाल तर तो बिल्डच्या पर्यायांत, सगळ्या फाइलसाठी एकदाच द्या. एका .सी फाइलमध्ये ऑफ_टी ६४ चा आणि दुसरीत ३२ चा असेल तर लिंकर काही बोलत नाही, आणि स्ट्रक्चरमधल्या पुढच्या फील्ड सरकलेल्या असतात.

## १०. बिल्ड करून बघा, निदान तीनदा

जीसीसी किंवा क्लँगवर -डब्ल्यूऑल आणि -डब्ल्यूएक्स्ट्रासोबत -डब्ल्यूकन्व्हर्जन आणि -डब्ल्यूसाइन-कन्व्हर्जन चालू करा. मग त्याच मशीनवर -एम३२ ने ३२ बिटी बिल्ड करा, लाँग आणि पॉइंटरबद्दलची गृहीतकं तिथे लगेच उघडी पडतात. तिसरी बिल्ड -एफअनसाइन्ड-कॅर ने. चाचण्या -एफसॅनिटाइझ=अनडिफाइन्डखाली चालवा: यूइंट१६_टी चा तो गुणाकार आणि चुकीच्या शिफ्ट चालताना जागच्या जागी पकडल्या जातात. टायमरची वजाबाकी मात्र यातून सुटते, कारण भाषेच्या दृष्टीने तिच्यात काहीच चूक नाही. तिच्यासाठी काउंटर शून्यावर येण्याच्या क्षणाची वेगळी चाचणी लिहा. विंडोज यादीत असेल तर त्याची बिल्ड वेगळी करावीच लागते, -एम३२ ने ती भरून निघत नाही. लाँग ३२ आणि पॉइंटर ६४ ही जोडी तिथेच भेटते.

जुन्या कोडवर पहिल्यांदा या वॉर्निंग शेकड्यांनी येतात. त्या घालवण्यासाठी सरसकट कास्ट टाकू नका. कास्ट टाकला की कंपायलर गप्प होतो आणि कापली जाणारी किंमत तशीच कापली जात राहते. आधी फॉरमॅट स्ट्रिंगच्या वॉर्निंग संपवा, मग पॉइंटर आणि पूर्णांकातल्या, मग ६४ वरून ३२ वर येणाऱ्या, आणि साइन बदलाच्या सगळ्यात शेवटी. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या पायरीचा प्रश्न पुन्हा विचारा, हा आकडा कशाशी बांधलेला आहे. बहुतेक वेळा चलाच्या जाहीर केलेल्या टाइपमध्येच बदल करावा लागतो आणि त्याबरोबर पाच-सहा वॉर्निंग एकदम जातात. जिथे कास्ट खरोखर हवाच तिथे त्याच्या आधी किंमत मर्यादेत आहे का हे तपासणारी अट लिहा.